घंटागाडीमागून

सकाळी अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात, पाइपलाइन रोडवर घंटागाडीचं गाणं वाजलं, तसा मी स्कूटर काढून तिच्या मागं निघालो. गाडीवरच्या मदतनिसाला हसू आवरेना. "काका, कचरा बघायला निघालात? लोक तर आमच्याकडं बघून नाक मुरडतात."

ओला-सुका कचरा वेगळा देण्याचं बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून आहे. पण बादल्यांत भात, दुधाच्या पिशव्या, डायपर आणि फुटका बल्ब एकत्रच नांदत होते. मदतनीस हातानंच बाटल्या आणि पुठ्ठे उपसून गाडीला लटकवलेल्या पोत्यात टाकत होता. भंगारवाला जे घेतो, तेवढंच वेगळं होतं. बाकी सगळं एकजीव.

कचऱ्याचं असं, पाण्याचं मात्र वेगळं. सावेडी वसवली पाण्यानं. मुळा धरणाचं पाणी विळदमार्गे वसंत टेकडीवर येतं. पाइपलाइन रोडचं नावसुद्धा जलवाहिनीवरून पडलं. पुढं भिस्तबाग महाल लागतो. निजामशाहीत तिथं खापरी नळांनी पाणी खेळवून बाग फुलवली होती. आत काय आणायचं, याचा आराखडा इथं शतकांपासून पक्का. बाहेर काय जाणार, त्याला मात्र उरलीसुरली जागा: ओढ्याचा काठ, मोकळा प्लॉट, गावाची हद्द. सावेडीचा कचरा डेपोही असाच कडेचा म्हणून होता. मग वस्तीच कडेपर्यंत सरकली. प्लॉट घेताना लोक पूर्व-पश्चिम विचारतात, वाऱ्याची दिशा नाही.

घंटागाडी सोडून मी पत्रकार चौक, दिल्ली गेट, माळीवाडा असं अख्खं शहर ओलांडून बुरूडगाव रस्त्याला लागलो. तिथल्या कचरा डेपोचं भांडण हरित लवादापर्यंत गेलेलं. चहाच्या टपरीवर एक शेतकरी भेटले. मी सावेडीचा म्हटल्यावर कप खाली ठेवून म्हणाले, "तुमचं आमच्याकडं येतं. आमचं कुठं न्यायचं?" मी चहाचे पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी तेही देऊ दिले नाहीत.

त्याच २०१६ च्या नियमांत नगररचनेसाठी एक कलम होतं: २०० हून अधिक घरांच्या किंवा ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या संकुलात कचरा वेगळा करायला, साठवायला आणि जिरवायला स्वतंत्र जागा आराखड्यातच दाखवायची. परतताना एका नव्या मोठ्या प्रकल्पाच्या कार्यालयात शिरलो. नकाशात जिम, मंदिर, दोन मजली पार्किंग, सगळं रंगवलेलं. कचऱ्याची जागा विचारली, तर विक्रीचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, ते नंतर सोसायटी बघून घेईल."