उसण

२०१८ सालच्या एप्रिलातल्या एका रात्री दोनच्या सुमारास माझा डावा खांदा दुखू लागला. कशाने म्हणाल, तर कशानेही नाही. आदल्या दिवशी मी कुठे पडले नव्हते, जड काही उचलले नव्हते, माळ्यावरची भांडी काढली नव्हती. जेवून, चार पाने वाचून, नेहमीच्या कुशीवर झोपले होते. जाग आली ती खांद्यात कुणीतरी तापलेली सळई फिरवते आहे अशा कळेने. ती कळ दंडात उतरली, कोपरापर्यंत गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

मी उठून बसले. हात पोटाशी धरून पाहिला, उशीवर ठेवून पाहिला, पलंगाखाली लोंबता सोडून पाहिला. आपल्याच हाताला ठेवायला जागा सापडू नये, असे पूर्वी कधी झाले नव्हते. शेवटी उजव्या हाताने तो मांडीवर घेतला आणि रडणारे मूल घेऊन बसावे तशी बसून राहिले.

ह्यांना जाग आली. दिवा लागला. "डावा?" एवढेच त्यांनी विचारले आणि सदरा चढवायला घेतला. अर्ध्या तासात मी हॉस्पिटलात छातीला तारा चिकटवून उताणी पडले होते. कार्डिओग्राम झाला, रक्त घेतले, काही तासांनी पुन्हा घेतले. हृदय बिचारे अगदी निर्दोष ठरले. पहाटे पाळीवरच्या तरुण डॉक्टरांनी मला मोठ्या आस्थेने सगळे समजावून सांगितले. हृदयाकडून येणारे मज्जातंतू आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूने येणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. हाक कुठून आली हे मेंदूला नीट कळत नाही, आणि हृदयाचे दुखणे तो हाताच्या खात्यावर मांडतो. पित्ताशयाचे दुखणे असेच कधीकधी उजव्या खांद्यात उमटते म्हणे. म्हणजे दोन घरांना एकच पोस्टमन, आणि तोही अंमळ वेंधळा. "तुम्ही थांबला नाहीत हे फार बरे केलेत," डॉक्टर म्हणाले. "दर वेळी असेच यायचे."

पत्र चुकून आलेले नव्हते. ते माझ्या खांद्याचेच होते. पण त्यातला मजकूर काही कुणाला वाचता येईना.

म्हणजे वाचता न येणारा असा एकही माणूस आमच्या इमारतीत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या काकूंनी माझी उशी हातात घेऊन दाबून पाहिली आणि तिला दोषी ठरवले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, "तुम्ही मोबाईल डाव्या हातात धरता, मी पाहिलंय." नणंदेने फोनवर वाताचे निदान केले आणि रात्रीचे दही बंद करायला सांगितले. बंगळूरहून मुलाने संगणकावर शोधून तीन रोगांची नावे पाठवली. त्यांतले एक वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई तेवढ्या ठाम होत्या. "ताई, उसण भरलीय. पायाळू माणसाचा पाय लावून घ्या, दोन दिवसांत उतरती का नाही बघा." पायाळू माणूस त्यांच्या घरीच होता. मी गेले नाही. पण तिसऱ्या रात्री जावे असे वाटले होते, हे कबूल करते.

गंमत अशी, की ह्या प्रत्येक कारणात एक आरोप दडलेला असे. उशी उंच घेता, फोन फार वापरता, दही खाता, व्यायाम करीत नाही! विनाकारण दुखणे माणसाला सहन होत नाही. आपले तर नाहीच, शेजाऱ्याचेही नाही. आज हिचा खांदा उगाच दुखतो, तर उद्या आपलाही उगाच दुखेल. त्यापेक्षा उशीचा दोष मानलेला बरा.

महिन्याभरात दुखणे थोडे निवले आणि हात आखडू लागला. एका सकाळी पाठीमागे हात नेऊन हूक लावायला गेले, तर हात कमरेपाशी थांबला. वेणी घालताना मानेमागे जाईना. फळीवरचा साखरेचा डबा काढताना चुकून झटका बसला, तर डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी ओट्याला धरून खाली बसले. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. त्यांनाही तो वळवता येईना. क्ष-किरणांचे चित्र मात्र स्वच्छ होते. साखर तपासली, थायरॉईड तपासले. तिथेही काही नव्हते.

"फ्रोझन शोल्डर," ते म्हणाले. गोठलेला खांदा. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला लाडू. बशी उथळ, लाडू मोठा. म्हणून तर हा हात शरीरातल्या इतर कुठल्याही सांध्यापेक्षा अधिक दिशांना फिरतो. त्या लाडवाभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. ती सुजते, जाड होते, आकसते. आधी दुखते, मग आखडते, मग हळूहळू सुटते. वर्ष, दोन वर्षे, क्वचित तीन. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त, बायकांना जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त.

"पण मला मधुमेह नाही. मग झालं कशानं?"

"तुमच्या बाबतीत इडिओपॅथिक म्हणायचं."

घरी येऊन कोश उघडला. ज्याचे कारण ठाऊक नाही ते इडिओपॅथिक. माझ्याजवळ हे अज्ञान फुकट होते. त्याचे ग्रीक नाव मी फी देऊन घेऊन आले होते. पण त्या शब्दाने मला बरेही वाटले, हे खोटे कशाला बोलू? बॉस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि गोठलेला खांदा हे नाव रूढ केले. हे प्रकरण समजावून सांगणे कठीण आहे, हे त्यांनीही मान्य करून ठेवले आहे. जपानी लोक तर कारणाच्या भानगडीत न पडता ह्याला 'गोजूकाता', म्हणजे पन्नाशीचा खांदा, म्हणून मोकळे होतात. मला ते आवडले. त्यात कुणाचाच दोष नाही.

व्यायाम शिकवायला एक चुणचुणीत मुलगी होती. माझ्या सुनेच्या वयाची. म्हणाली, "काकू, उजवा हात टेबलावर टेका. आता कमरेतून वाका. डावा हात सोडून द्या, अगदी तुमचा नसल्यासारखा. आता तो झुलू द्या, घड्याळाच्या लंबकासारखा. हातात थोडं वजन घेतलं तरी चालेल, पाण्याची बाटली घ्या." हा व्यायामही कॉडमनच्याच नावाने ओळखतात.

मी वाकले. हात सोडला. तो झुलू लागला. आणि वाकलेल्या मानेने खालची फरशी पाहता पाहता मला मिरजेच्या घरातली शेणाने सारवलेली जमीन दिसली.

१९७१ साल. मी अकरा वर्षांची होते. दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून घरी आले, तर आई माजघरात कोनाड्याच्या कडेला एक हात टेकून वाकली होती आणि तिच्या दुसऱ्या हातात पितळेचा तांब्या होता. तांब्या मागेपुढे झुलत होता. रिकामा नव्हता, पाणी हिंदकळून जमीन ओली झाली होती. मला पाहताच ती ताठ उभी राहिली. "काय गं करतेस?" मी विचारले. "काही नाही. बांगडीचा तुकडा पडला, तो शोधतेय."

मीही शोधू लागले. तिने मला ओरडून बाहेर पाठवले.

हे मी सत्तेचाळीस वर्षांत एकदाही आठवले नव्हते. त्या वर्षातले मला जे आठवत असे ते वेगळेच होते. त्या वर्षी आईने माझे केस कापले.

माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. रविवारी आई मला चुलीपुढे बसवून तेल जिरवायची, रिठे-शिकेकाईने न्हाऊ घालायची, मग अंगणात उन्हात उभी करून पंचाने केस झटकायची. तो फटफट आवाज शेजारी ऐकू जाई. रोज सकाळी लाल फितीच्या दोन वेण्या. त्या नसल्या तर शाळेत बाई छडी मारीत. मे महिन्यात धाकटी मावशी राहायला आली होती, तेव्हा माझी वेणीफणी तीच करी. जूनमध्ये मावशी गेली. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी आईने मला आमच्या आळीत राहणाऱ्या नर्सबाईंकडे नेले आणि कानाच्या खाली चार बोटे ठेवून केस उतरवून आणले. मला विचारले नाही, सांगितले नाही.

आमची आजी केशवपन झालेली होती. लाल आलवण, डोईवर पदर. तिने मला पाहिले आणि हातातली जपमाळ खाली ठेवली. "नशिबात असलं की जातातच केस," ती म्हणाली. "हौसेनं कोण कापतं?" आई म्हणाली, "उवा झाल्या होत्या, सासूबाई."

मला उवा नव्हत्या. एकसुद्धा नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. आजी आईशी महिनाभर बोलली नाही, आणि मी मनाने त्याहून कितीतरी जास्त काळ बोलले नाही. मीही कारण शोधत होते. सहामाहीत गणितात नापास झाले म्हणून? आपण आजीच्या लाडक्या म्हणून? पुढे मोठेपणी पुस्तके वाचून मी आणखी भारदस्त कारणे काढली. आईने त्या घरावरचा राग माझ्या केसांवर काढला, असेही एक होते. ते माझे आवडते होते.

लंबकासारखा हात झुलवताना ह्या साऱ्याची सांगड आपोआप लागत गेली. त्या वर्षी कपडे वाळत घालायची उंच काठी माझ्या हातात आली होती. फळीवरचे डबे खालच्या कोनाड्यात आले होते. दिवाळीत पहिल्या आंघोळीला आम्हा मुलांना तेल-उटणे आईने लावले नाही, आत्याने लावले. दुपारी आई त्या नर्सबाईंकडे जाई आणि आजी तिला "हिंडफिरी" म्हणे. नर्सबाईंनीच तो तांब्याचा उपाय सांगितला असणार. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात त्यांना तो ठाऊक असणे अवघड नव्हते. पंचाने कमरेएवढे केस झटकणे त्या हाताला कसे जमावे? रोज दोन वेण्यांचा गुंता ओढून काढणे?

मग तिने तसे सांगितले का नाही? खांद्याला सूज नव्हती, लाली नव्हती, पडल्याची खूण नव्हती. घरात दहा माणसे, आणि सुनेने म्हणायचे, माझा हात उगाच दुखतो! मला अर्ध्या तासात कार्डिओग्राम मिळाला. तिला उवा शोधून काढाव्या लागल्या. उवांवर सगळ्यांचा विश्वास बसला. एकदा मात्र अण्णांनी विचारले होते, हात असा का धरतेस म्हणून. तेव्हा "उसण भरलीय" म्हणून ती मोरीकडे गेली होती. हे मला खरेच आठवते आहे, की आता ऐकू येऊ लागले आहे, कोण जाणे.

कारण शंका येते ती इथेच. उशीला दोष देणाऱ्या काकूंना मी मनातल्या मनात हसले होते. मीही दुसरे काय करते आहे? एक तांब्या, एक काठी, चार डबे, आणि त्यांवर मी आईचा अख्खा खांदा उभा केला. कदाचित बांगडीचा तुकडा खरोखरच पडला असेल. आई २००३ मध्ये गेली, मावशी तिच्या आधीच. नर्सबाई कुठे गेल्या ते मिरजेत कुणाला सांगता आले नाही. मी मुद्दाम विचारून आले.

माझा खांदा दोन वर्षांनी सुटला. भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यायचा आणि पोचेल तिथे पेन्सिलीने रेघ काढायची, असा एक व्यायाम होता. त्या रेघा स्वयंपाकघराच्या दाराशी अजून आहेत. वरून दुसऱ्या रेघेपर्यंत हात जातो. ह्यांनी रंग काढताना तेवढी भिंत तशीच ठेवली.

आईला मी एकदा विचारले होते. माझ्या मुलीच्या बारशाला ती आली होती, घर माणसांनी भरले होते, आणि कुणीतरी माझ्या लहानपणीच्या केसांची गोष्ट काढली. मी सगळ्यांदेखत हसत हसत म्हणाले, "आई, खरं सांग, मला उवा नव्हत्या ना?"

आई पाळण्याची दोरी ओढीत होती. उजव्या हाताने.

"नव्हत्याच," ती म्हणाली, आणि पाळण्यात डोकावून बाळाचे टोपडे सारखे करू लागली. तेवढ्यात कुणीतरी घुगऱ्यांचे ताट आणले आणि बोलणे तिथेच राहिले.