पारदर्शक पडद्याआडची शिवराई

वस्तू जपण्यासाठी केलेली सोयच ती वस्तू पाहण्याच्या आड येते, हा अनुभव आम्हांला मुलुंडच्या आमच्या घरात वडिलांच्या नाण्यांनी दिला. बिस्किटांच्या जुन्या डब्यात साठेक नाणी. प्रत्येक नाणे दोन इंची पुठ्ठ्याच्या चौकटीत, मधल्या गोल खिडकीला पारदर्शक फिल्म, कडेला स्टेपलच्या पिना. पुठ्ठ्यावर वडिलांचे टपोरे अक्षर. वाटणीपूर्वी प्रत्येक नाण्याचे छायाचित्र काढावे, असे आम्ही भावंडांनी ठरवले. एका शिवराईवरून मात्र आमच्यात आधीच अबोला होता. तिच्यावर वडिलांनी लिहिले होते : 'महाराजांच्या वेळची.'

पहिली छायाचित्रे फसली. नाण्याऐवजी छताची ट्यूबलाइट आणि कॅमेऱ्याचे भिंगच उमटले. चौकट उघडण्याचा विचार आला. पण पिना काढताना फिल्म फाटली, पिनेचे टोक तांब्यावर ओरखडले, तर काय? शिवाय वडिलांचे हस्ताक्षर नाण्यापासून वेगळे करण्याचे धैर्य आमच्यात नव्हते.

मग शाळेतला नियम आठवला : प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. ट्यूब बंद केली. कॅमेरा तिपाईवर, नाण्याच्या बरोबर वर समांतर बसवला. काळ्या कार्डाला भोक पाडून ते भिंगापुढे धरले, म्हणजे कॅमेऱ्याचे प्रतिबिंब पडू नये. एकच दिवा बाजूला, अगदी खाली ठेवला. बटण दाबताना हात हलू नये म्हणून टायमर लावला. चकाकी बाजूला निघून गेली आणि झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उभ्या राहिल्या : एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्र' व 'पति', आणि या दोहोंच्या मध्ये दोन आडव्या रेघा.

रेघा नाण्यावरच्या, की फिल्मवरचे ओरखडे? चौकट हलकेच टिचकावली. नाणे आत किंचित फिरले. ओरखडे जागच्या जागी राहिले, रेघा मात्र अक्षरांबरोबर फिरल्या. शंकेला जागा उरली नाही. ही दुदांडी शिवराई होती, उत्तर मराठेशाहीतली. 1674च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेले हे तांब्याचे नाणे पुढेही त्याच नावाने पाडले जात राहिले आणि एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या हातांत फिरत होते. मूळ संहितेच्या पुढल्या प्रती निघाव्यात आणि प्रत्येक प्रतीत लेखनिकाचा हात दिसावा, तसेच काहीसे.

वडिलांचा पाठ चुकला होता. तो दुरुस्त करावा काय? संपादक पाठभेद खोडत नाही, नोंदवतो. आम्हीही दोन छायाचित्रे ठेवली : एक केवळ नाण्याचे, एक पुठ्ठ्यासह. यादीत लिहिले : 'दुदांडी शिवराई. चौकटीवरील नोंद वडिलांची.'

महाराजांच्या काळाशी असलेला तिचा थेट संबंध तुटला. तरीही आमच्यापैकी कोणीही तिच्यावरचा हक्क सोडलेला नाही. आता वाद नाण्याचा आहे की त्या दोन शब्दांचा, हे आम्ही अद्याप एकमेकांना विचारलेले नाही.