गादीचा कापूस, भिंतीवर

नारायणगड म्हटलं की लोकांना नगद नारायण महाराजांचं संस्थान आठवतं, धाकटी पंढरी आठवते, अलीकडच्यांना 12 ऑक्टोबर 2024 चा दसरा मेळावा आठवतो. आम्हांला आधी आवाज आठवतो. वारा आमच्या बाजूचा असला की गडावरचे टाळ-मृदंग वस्तीपर्यंत उतरतात. उघड्या माळावरचा आवाज एकदा गेला की गेला. चार भिंतींत तो परत येतो, आणि आमच्या घरात सगळं बिनसलं ते या परत येण्यामुळंच.

आम्ही पिंजारी. कागदोपत्री कुणी नदाफ लिहितं, कुणी मन्सुरी. अब्बांनी खांद्यावर पिंजण घेऊन गडाच्या आसपासची गावं पायी पालथी घातली. तातीचा तुणतुण आवाज ऐकूनच बायका जुन्या गाद्या अंगणात काढून ठेवायच्या. पुढं कापूस पिंजायचं मशीन आलं. त्याच्या घरघरीत अब्बांनी तीस वर्षं काढली, आणि कान तिथंच ठेवून आले.

तरी जुन्या घरात त्यांचं निभत होतं. ते धाब्याचं घर होतं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडाचं माळवद, कोनाडे, खुंट्यांवर कपडे, कोपऱ्यात वाकळांची चवड. मग आम्ही भावांनी स्लॅबचं घर बांधलं. पंधरा बाय बाराची बैठक, खाली चकचकीत फरशी, भिंतींना पुट्टी, खिडक्यांना काचा. अम्मीनं वाकळा पेटीत घातल्या; बैठकीत त्या शोभत नाहीत म्हणून. आणि सहा महिन्यांत अब्बा बैठकीत बसेनासे झाले. पाहुणे आले की उठून ओट्यावर जायचे. बिरादरीत बोलणं झालं, म्हातारा सुनांवर रुसलाय. श्रवणयंत्र आणलं तर ते काढून खिशात ठेवायचे. म्हणायचे, "इसमें सब लोगां एकदम बोलतंय."

हे वाक्य आम्ही म्हातारपणाच्या खात्यात टाकून दिलं असतं. पण आमच्यातला धाकटा पॉलिटेक्निकला शिकलेला. त्यानं रिकाम्या बैठकीत एक टाळी वाजवली आणि म्हणाला, ऐका. टाळी संपली तरी झणझण करत राहिली. बोलण्यात 'आ', 'ओ' हे स्वर जोरकस, ते रेंगाळतात. 'क', 'त', 'स' बारीक. मागच्या शब्दाचा स्वर पुढच्या शब्दाच्या बारीक अक्षरावर जाऊन बसतो. तरुण कान त्यातूनही शब्द निवडतो, थकलेला नाही निवडू शकत. यंत्र शब्द मोठा करतं तसा घुमाराही मोठा करतं. आपण ओरडलो तर भिंतीही ओरडतात. अब्बा खरंच सांगत होते.

घुमारा वाईट असतो असं नाही. विजापूरच्या गोलघुमटात लोक त्याच्यासाठीच जातात. किरअतीला तो शोभतो, कीर्तनकाराच्या शेवटच्या तानेला शोभतो. "गोळी घेतली का?" या प्रश्नाला शोभत नाही.

धाकट्यानं मग आम्हांला वॉलेस सॅबिनची हकीकत सांगितली. 1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह झालं. त्यात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडं ते काम आलं. हा गडी रात्री जवळच्या सँडर्स थिएटरातल्या बैठकांच्या गाद्या आणायचा, खोलीत मांडायचा, घड्याळ लावून घुमारा मोजायचा आणि सकाळी गाद्या जागेवर नेऊन ठेवायचा. गाद्या! आम्ही हसलोच. इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया कुणा गादीवाल्याच्या मालावर रचला गेला, आणि आम्ही खानदानी गादीवाले फरशी पुसत बसलो होतो. त्याचं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, 0.161 नं गुणायचं आणि खोलीत जेवढा आवाज पिणारा पृष्ठभाग असेल त्यानं भागायचं. आमच्या बैठकीचं उत्तर जवळजवळ दोन सेकंद आलं. चार बाय दोन फुटांची आठ पॅनेलं लावली तर ते एका सेकंदाच्या आत येणार होतं.

शहरातल्या दुकानात तयार पॅनेलं मिळतात. भाव ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो. एकानं अंड्यांचे ट्रे चिकटवायला सांगितलं, दुसऱ्यानं थर्माकोल. दोन्हींत दम नाही. आवाज आत शिरून धाग्याधाग्यांत जिरला पाहिजे. ते काम कापसाचं.

पेटीच्या फळ्यांच्या दोन इंच खोल चौकटी सुतारानं करून दिल्या. मागं खाटेसारखी सुतळीची जाळी विणली. जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून घेतला, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचा फवारा मारून चांगला वाळवला, कारण कापूस पेट घ्यायला वेळ लावत नाही. विजेच्या बोर्डाजवळ तर पॅनेल लावूच नये. वरून मांजरपाट. कापड तोंडाशी धरून फुंकलं तर वारा पलीकडं गेला पाहिजे. रेक्झिन लावलं की सगळी मेहनत वाया.

भरण्याचं काम आम्ही करत होतो आणि अब्बा ओट्यावरून बघत होते. तिसऱ्या चौकटीला त्यांना राहवलं नाही. आमच्या हातातून कापूस घेतला, बोटांनी चाचपला, गाठी काढून फेकल्या. एका चौकटीत दीड किलो, म्हणाले. जास्त ठासला तर दगड, कमी घातला तर महिन्याभरात खाली बसेल. मग गादीला घालतात तसे टाके घातले, अंतर न मोजता सारखे. मशीन विकल्यापासून त्यांच्या हातात सुई आम्ही पाहिली नव्हती. पाच चौकटी त्यांनी एकट्यानं भरल्या. आमच्या तीन त्यांनी उसवल्या.

लावायच्या जागा आरशानं ठरवल्या. अब्बा त्यांच्या जागी बसले, एकानं भिंतीवरून आरसा सरकवत नेला. समोर बोलणाऱ्याचं तोंड ज्या ठिकाणी आरशात दिसेल तिथं पॅनेल. भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडलं, त्यानं जरा खालचे सूरही जिरतात. ढोलकीचा खोल घुमारा मात्र दोन इंचांना दाद देत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत गुंडाळलेल्या गाद्या उभ्या केल्या. अम्मीला त्या अजून आवडलेल्या नाहीत.

गडावरच्या भजनी मंडळातले एक तात्या अब्बांचे जुने दोस्त. ते आले, भिंती बघून म्हणाले, "चाचा, आमच्या भजनाचा आवाज येऊ नये म्हणून केलं का हे?" त्यांना समजावलं की बाहेरचा आवाज यानं अडत नाही, तो अडवायला जड भिंत लागते, आणि अडवायचा कुणाला आहे? तात्या दोन तास बसले. कुणाच्या बैलाचं काय झालं, कोण गेलं, कोणत्या साली किती भावानं कापूस विकला. अब्बांनी यंत्र कानात घातलेलं होतं आणि एकदाही "क्या?" म्हटलं नाही.

सवयीनं आम्हीच मधून मधून मोठ्यानं बोलत होतो. अब्बा वळून म्हणाले, "काय कू चिल्लाते रे? घर में बैठे हैं ना."