मशीनबद्दल विचारा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी उत्पादन सांभाळतो. मोटारींना लागणारे शाफ्ट आणि बुश आम्ही बनवतो. आमचे सगळ्यात पक्के टर्नर पन्नाशी ओलांडलेले आहेत. चकमध्ये जॉब फिरू लागला की नुसत्या आवाजावरून टूलची धार गेल्याचं ते ओळखतात. आयटीआयमधून आलेल्या पोरांना सीएनसीचा प्रोग्राम येतो, पण हा कान तयार व्हायला वर्षं जातात. ही माणसं टिकावीत, हीच माझी तळमळ.

अडचण अशी की त्रास कुणी सांगतच नाही. ‘मामा, पाठ दुखते का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘छे हो साहेब, एकदम ठणठणीत!’ कारण उघड आहे. गेटबाहेर कामासाठी तरुण पोरं उभी असतात. गुडघा धरतो म्हणणं म्हणजे आपल्या हाताने राजीनामा लिहून देणं, असं त्यांना वाटतं. डोळे तपासायच्या दिवशी काहीजण तक्त्यावरची अक्षरं पाठ करून जातात.

त्या सुमारास जर्मनीतल्या डिंगॉल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्याची हकीकत वाचनात आली. २००७ मध्ये तिथे एका लाइनवर सरासरी ४७ वर्षं वयाचे कामगार मुद्दाम नेमले, कारण दहा वर्षांत सगळ्या कारखान्याचं सरासरी वय तिथवर जाणार होतं. लाकडी जमीन, खुर्च्या, भिंगं, मोठी अक्षरं असे सत्तर छोटे बदल झाले. खर्च साधारण ४०,००० युरो, आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. या बदलांतले बरेचसे लाइनवरच्या कामगारांनीच सुचवलेले होते. मला तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली.

मग मी शरीराबद्दल विचारणं सोडलं. चहाच्या सुट्टीत म्हटलं, ‘मामा, हे मशीन तुमच्या मनासारखं करायचं झालं तर काय काय बदलाल?’ आणि बोलणं जे सुटलं ते थांबेचना. ‘आधी हे बिन जमिनीवरून वर घ्या.’ ‘ट्यूब आमच्या पाठीमागे. स्वतःचीच सावली जॉबवर पडते, म्हणून व्हर्नियर घेऊन दारात जावं लागतं.’ साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. चष्म्याने नंबर भागतो, उजेड भागत नाही.

प्रत्येक लेथवर वळवता येणारा दिवा लावला. वेल्डरकडून बिनसाठी कमरेइतके उंच स्टँड करून घेतले. ठळक आकड्यांचे डिजिटल व्हर्नियर आणले, पायांखाली रबरी मॅट टाकल्या. स्टुलांवर मात्र मालकांशी वाद झाला. ‘माणूस बसला की काम बसतं,’ हे त्यांचं म्हणणं. उभ्याने काम करणाऱ्याला सवड मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसायची सोय ठेवावी, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्येच होतं, ते मी त्यांना दाखवलं. ऑटो फीड लावून लांब कट चालू असताना टर्नरने ताटकळत का उभं राहावं? स्टुलं आली. कामही बसलं नाही. शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत जे जॉब मापाबाहेर जायचे, ते उलट कमी झाले.

रात्रपाळीचा प्रश्न राहिलाच आहे. वय वाढतं तशी दिवसाची झोप तुटक होते, आणि शरीर रुळेपर्यंत पाळी बदललेली असते. पन्नाशीपुढच्यांना पहिली आणि दुसरीच पाळी द्यावी, असा माझा आग्रह आहे. पण खुद्द मामाच नको म्हणतात. भत्ता बुडेल, आणि घराचे हप्ते चालू आहेत. म्हणून दिवसपाळीत शिकाऊ पोरांना तयार करण्याचं काम त्यांच्याकडे सोपवावं आणि त्यासाठी तेवढीच रक्कम द्यावी, असं मी मालकांना सुचवलं आहे. त्यांनी हिशेब मागितलाय. तो मी मामांना शेजारी बसवून मांडतो आहे.