कापलेल्या तलवारीच्या पोटातले पोलाद

जपानी तलवार आखूड करायची तर ती टोकाकडून कापत नाहीत, मुठीकडून कापतात. कारण तिच्या पोटात आहे.

कोबुसे या सर्वांत परिचित घडणीत जास्त कार्बनचे पोलाद, म्हणजे कावागाने, पन्हळीसारखे दुमडतात आणि त्या पन्हळीत मऊ लोखंडाची कांब, शिंगाने, बसवून दोन्ही एकजीव करतात. बाहेरच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ ते ०.७ टक्के असतो, आतल्यात ०.२ टक्क्यांच्या आसपास. धारेकडे नुसते कठीण पोलाद असते, करंजीच्या कडेला सारण नसावे तसे. होन-सानमाईत धारेला वेगळे पोलाद आणि दोन्ही अंगांना वेगळे. काही पाती एकाच पोलादाची, गाभ्याशिवायही घडवलेली आहेत. कोणतीही पद्धत घेतली तरी ही रचना पात्याच्या लांबीभर जवळपास सारखी चालते. फक्त टोकाशी ती बदलते. गाभा असेल तर तो टोकाच्या अलीकडेच थांबतो आणि पाणी देऊन कठीण केलेली पट्टी तिथे वळून पाठीकडे येते. या वळणाला बोशी म्हणतात. टोक कापले तर बोशी गेली आणि नव्या टोकाशी मऊ गाभा उघडा पडला. बूड कापले तर आत पूर्वी जे होते तेच राहते.

कामाकुरा काळात (११८५–१३३३) घोडेस्वाराच्या कमरेला धार खाली ठेवून लटकणारी ताची लांब असे. चौदाव्या शतकात काही पाती ९० सेंटिमीटरच्याही पुढे गेली. पुढे पायदळाची लढाई वाढली, तलवार धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचली जाऊ लागली, आणि जुनी उत्तम पाती ७० सेंटिमीटरच्या आसपास आणली गेली. मुठीत जाणाऱ्या भागाला नाकागो म्हणतात. तो थोडासा कापला तर सुरिआगे, मूळ नाकागो पूर्ण गेला तर ओ-सुरिआगे. दुसऱ्या प्रकारात कारागिराची सहीही जाते. सही वाचवायची असेल तर तेवढा तुकडा दुमडून किंवा कोरून नव्या नाकागोत बसवत.

ओ-सुरिआगे पात्याचा नाकागो म्हणजे पूर्वीचे पातेच. एके काळी वार करणारा भाग आता लाकडी मुठीच्या आत बसतो. म्हणून कठीण केलेल्या धारेची रेषा, हामोन, पाते आणि नाकागो जिथे मिळतात त्या माचीच्या खाचेपाशी न संपता पुढे मुठीत शिरलेली दिसते. पात्याच्या अंगावर कोरलेली पन्हळ असेल तर तीही नाकागोच्या कापलेल्या बुडापर्यंत जाते. ही कठीण धार कानशीला सहज दाद देत नाही. तिथला कडकपणा उतरवायला उष्णता द्यायची, तर ती वर पात्यात चढू न देण्याची काळजी हवी. मुठीच्या खुंटीसाठी भोक पाडणे त्या मानाने सोपे, कारण ते धारेपासून दूर, मऊ भागात येते. आकारात मात्र काही ना काही जातेच. ताचीची कमान बुडाशी जास्त असते. तोच भाग मुठीत गेल्याने उरलेले पाते अधिक सरळ किंवा समान वाकलेले वाटते, आणि बुडाकडचा रुंद, जाड, भरदार भागही हरवतो. नव्या बुडाची जाडी मूळ मध्याकडची असते. जाणकार पाते हातात घेतल्यावर आधी हेच पाहतात.

खरी झीज दुसरीकडून येते. प्रत्येक पॉलिशला थोडे कावागाने जाते. शतकानुशतके पॉलिश झालेल्या पात्यावर पारी पातळ होऊन पुरण दिसावे तसा शिंगाने उघडा पडतो. त्या जागी पोलादाचा पोत सपाट आणि निस्तेज दिसतो. जुन्या पात्यांना ‘थकलेली’ म्हणतात ती याच अर्थाने. आखूड करण्याने पाते थकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच जुन्या पात्यात भेटतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

पात्याला आग लागली तर हामोन पुसला जातो, पण आतली मांडणी टिकते. सरदार इमागावा योशिमोतोची, सामोंजी या कारागिराची तलवार १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत विजेत्या ओदा नोबुनागाच्या हाती आली. त्याने ती आखूड करून घेतली आणि नाकागोवर तो प्रसंग कोरवला. एदोतल्या १६५७ च्या आगीत ती भाजली आणि तिला पुन्हा पाणी दिले गेले. आजचा हामोन त्यामुळे मूळ कारागिराचा नाही, पोलाद मात्र त्याचेच. हासेबे कुनिशिगेच्या नावाने ओळखली जाणारी ६४.८ सेंटिमीटरची ‘हेशिकिरी’ही आखूड होऊन सहीविना उरली. होन’आमी घराण्याच्या पारख्याने तिच्या नाकागोत सोन्याने कारागिराचे नाव भरले. ती आता फुकुओका शहर संग्रहालयात आहे.

आतली रचना नेमकी पाहायला पूर्वी पाते आडवे कापावे लागे. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ तावारा कुनिइची यांनी ते केले. आता न्यूट्रॉन किरणांनी पाते न कापता आत डोकावता येते. फ्लॉरेन्सच्या स्टिबर्ट संग्रहालयातील जपानी तलवारी अशा तपासल्या गेल्या आहेत. आखूड केलेल्या तलवारीच्या नाकागोचे बूड मात्र पूर्वीच कापलेले असते. गंज काढून तिथे पाहिले तर कवच आणि गाभा यांची सीमा कदाचित दिसेल, पण तो गंज खरवडण्याची परवानगी कोणी देत नाही. नाकागोचे वय ठरवताना त्या गंजाचाच मोठा आधार असतो.