मोकळा कान

सर्दीने बसलेले दडे परवा सुटले आणि एकदम आवाजांची भूक लागली. घरात दोन इअरफोन. एकाला सिलिकॉनच्या टोप्या, दुसऱ्याला फोमच्या. फोमची टोपी बोटांनी चेपून कानात सरकवायची. ती हळूहळू फुगते, वाट बंद करते, आणि मग डग्गा अंगभर घुमतो. सिलिकॉनची जरा सैल बसली की खालचा नाद गळून जातो, उरते नुसती झांज. यात यंत्राचा गुण कमी, कानाच्या आकाराचा जास्त, असं माझं मत होत चाललंय.

सुखाचं मात्र उलट. फोमवाले थोड्याच वेळात कान तापवतात. शिवाय इथे खुलताबादेत भद्रा मारुतीच्या देवळाकडे चालताना आपलीच पावलं कवटीत धपधप वाजतात. हाडांतून आलेला आवाज बंद कानातून निसटत नाही ना! सिलिकॉनमधून वेरूळकडे निघालेल्या गाडीचा हॉर्न, अजान, प्रसादवाल्याची हाक, सगळं गाण्यात मिसळतं. मला ते आवडतं.

सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब इथेच विसावलेले. १३३७ साली गेले. समाच्या, म्हणजे सूफी भक्तिगायनाच्या, मैफली त्यांना फार प्रिय. ते ऐकणं चारचौघांतलं, एकाच्या डोलण्याने दुसरा हलावा असं. त्यांच्या दर्ग्यापाशी आलं की एक कान मोकळा ठेवावासा वाटतो. कोणता, ते ठरत नाही. गाड्या माझ्या उजवीकडून जातात, आणि गाणंही नेमकं उजव्याच कानात गोड लागतं.