कोल्हापूर ते फ्लॉरेन्स

"किती लांब आहे हो ते?"

मुलीला फ्लॉरेन्सला शिकायला प्रवेश मिळाल्याचे कळले, तेव्हा सौ.चा पहिला प्रश्न हाच होता. मी मराठीचा प्राध्यापक, पण नकाशा उघडून मोठ्या ऐटीत सांगितले, "सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. उजळाईवाडीहून मुंबई तासाभराची, तिथून फ्रँकफुर्ट नऊ तास, पुढे दीड तास. मधला खोळंबा धरला तर एक दिवस!" ती चिवड्याचे पोहे निवडीत होती. हात तेवढा थांबला.

खरे सांगायचे तर धास्ती मलाही होती. कोल्हापूरच्या माणसाला फ्लॉरेन्स म्हटले की राजाराम महाराज आठवतात. १९३९ साली आपल्या गावी विमानतळ झाला, तो ज्यांच्या कारकीर्दीत, ते राजाराम महाराज निराळे. हे त्यांच्या आधीचे. १८७० साली आगबोटीने ते विलायत पाहायला गेले. रोजनिशी इंग्रजीत लिहीत. ती पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर आजाराने गाठले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस! माझी मुलगी एकवीस वर्षांची. हे सौ.ला सांगण्याचे धाडस मात्र झाले नाही.

पुढे सुट्टीत मुलीला भेटायला गेलो, तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, चला, आपल्या महाराजांकडे जाऊ."

कासीने नावाचे लांबलचक उद्यान आहे. त्याच्या पश्चिम टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. बरोबरच्या मंडळींना धर्माप्रमाणे दहन करायचे होते, आणि त्या देशात दहनाची रीत नव्हती. तरीही नगराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि रात्रीच्या वेळी या संगमावर चिता पेटली. त्या जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. आत फेटा घातलेला रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. म्हणजे आपला नवा राजवाडा ज्यांनी रेखला, तेच!

जवळच आर्नोवर १९७८ साली झालेला मोठा पूल आहे. त्याचे नाव 'पोंते आल इंदियानो', म्हणजे हिंदी माणसापाशी असलेला पूल. मुलगी हसून म्हणाली, "इथं पत्ता सांगताना लोक नुसतं 'इंदियानो' म्हणतात. पहिल्या दिवशी ऐकलं आणि एकदम गावात असल्यासारखं वाटलं."

मी बराच वेळ कठड्याशी उभा होतो. पाणी संथ, गढूळ. पावसाळा ओसरल्यावर पंचगंगेचे असते तसे. घरापासून इतक्या दूर गेलेल्या एका पोराला परक्या गावाने नदीकाठची जागा दिली आणि दीडशे वर्षे त्याची आठवण सांभाळली. त्या गावात आपली पोर राहते आहे. मनातली धास्ती तिथेच निम्मी झाली.

परत आल्यावर सौ.ने पुन्हा तेच विचारले, "खरंच फार लांब आहे का हो?"

या खेपेस मी नकाशा काढला नाही. म्हटले, "अगं, आपल्या घाटावरून उठायचं आणि त्यांच्या घाटावर जाऊन बसायचं, एवढंच."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग म्हणाली, "ते राहू दे. पोरगी जेवते का नीट?"